नाशिकचं कुणी सांगितलं?

ज्योतिष खरं की खोटं, यावर आपल्याकडे इतकं बोलून झालंय की दोन्ही बाजूंची वाक्यं आता पाठ आहेत. तरी जाणारे जातात आणि हसणारे हसतात. पण जायचंच असेल तर कसं जावं, काय विचारावं, काय बोलू नये, घरी आल्यावर त्या बोलण्याचं काय करावं, याबद्दल कुणी कुणाला काही सांगत नाही. बघणारा जाणकार आहे ना, एवढी चौकशी सगळे करतात. विचारणाराही जाणकार असावा लागतो, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

आमच्या घरी हा विषय निघाला कारण ज्योतिषी गुरुजींकडची गुरुवारी संध्याकाळी पाचची वेळ मिळाली होती. धाकटी मुलगी बंगळुरूला नोकरीला, वय एकतीस. सांगलीचं एक स्थळ आलंय, मुलगा तिला पसंत आहे, पत्रिकेत मात्र एकनाड. वाद घातला दोघांनी. एक माझी बायको, माहेर वेंगुर्ल्याकडचं, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. दुसरा माझा धाकटा भाऊ, आयुर्विमा महामंडळातून निवृत्त झालेला, माणसाच्या आयुष्याकडे कोष्टकातून बघण्याची सवय अजून न सुटलेला. घरात ते एकमेकांना वहिनी आणि भाऊजी म्हणतात, इथेही तेच ठेवतो. मी मेथी निवडत होतो, त्यामुळे तटस्थ होतो.

भाऊजी : जा तुम्ही वहिनी, मी आडवा येत नाही. फक्त एक करा. तोंड उघडू नका. पत्रिका पुढे ठेवायची आणि गप्प बसायचं. काय सांगायचंय ते त्यांना सांगू दे.

वहिनी : मग जाऊ कशाला? मुकं बसायला घर आहे की.

भाऊजी : पैसे मोजून भविष्य विकत घेताय ना? मग माल त्यांचा हवा. तुम्हीच घरून नेलेला माल तुम्हाला परत विकत देतात ते.

वहिनी : पुरावा?

भाऊजी : पुरावा तुमच्याच फोनमध्ये आहे. एप्रिलमधलं रेकॉर्डिंग.

इथे थोडं सांगायला हवं. एप्रिलमध्ये ती त्याच गुरुजींकडे गेली होती. नंतर आठवत नाही म्हणून त्यांची परवानगी घेऊन तिने सगळं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं, आणि घरी येऊन पहिलं वाक्य बोलली ते, ‘गुरुजींनी नाशिकचं अचूक ओळखलं!’ नाशिकचं म्हणजे धाकटीचं दोन वर्षांपूर्वी ठरता ठरता मोडलेलं लग्न. भाऊजींनी ते रेकॉर्डिंग मागून घेतलं आणि हिशेबाची वही तपासावी तसं ऐकलं.

भाऊजी : सुरुवातीला गुरुजी म्हणतात, मुलगी जरा हट्टी आहे, पण आतून हळवी. तुम्ही म्हणता, अगदी! मग ते म्हणतात, मधे एकदा काहीतरी जमता जमता फिसकटलेलं दिसतंय. काय फिसकटलं ते सांगत नाहीत. नोकरी, घर, परदेश, लग्न, काहीही बसेल त्यात. तुम्ही लगेच, हो हो, नाशिकचं स्थळ, साखरपुड्याचा हॉलसुद्धा बघून झाला होता. ते नुसतं ‘हं’ म्हणतात. मग शनीबद्दल बोलतात, तुमच्या गुडघ्याबद्दल बोलतात, आणि बऱ्याच वेळाने म्हणतात, ते जे नाशिकचं झालं ना, तेव्हा तिला राहूची अंतर्दशा होती. आणि तुम्ही घरी येऊन सांगता, गुरुजींनी नाशिकचं ओळखलं. नाशिकचं कुणी सांगितलं, वहिनी?

वहिनी : (थोडं थांबून) मी.

भाऊजी : गुरुजी लबाड आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनाही बहुधा वाटत असेल की आपल्याला ते पत्रिकेत दिसलं. याला कोल्ड रीडिंग म्हणतात. गोलमोल वाक्य टाकायचं, समोरच्याचा चेहरा बघायचा, तो जे देईल ते घ्यायचं, आणि थोड्या वेळाने ग्रहांची नावं लावून परत करायचं. मुद्दाम करणारे असतात, तसे नकळत करणारेही असतात. माणसांत वर्षानुवर्षं बसलेल्याला ते आपसूक जमतं. चुकलेलं वाक्य आपण विसरतो, लागलेलं घरभर सांगतो. त्याच रेकॉर्डिंगमध्ये ते म्हणाले होते की तुमच्या माहेरी जमिनीचा वाद आहे.

वहिनी : कोकणात कुणाच्या माहेरी नसतो?

भाऊजी : तेच म्हणतोय मी!

वहिनी : बरं, ऐकलं. आता माझं ऐका. त्या नाशिकच्या स्थळाबद्दल मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. मोडलं तेव्हा धाकटीपुढे रडायचं नाही असं ठरवलेलं. शेजारी बोलायची सोय नाही. तुमच्या दादांना विचारलं तर ते म्हणाले, जाऊ दे, बरंच झालं. विषय संपला. गुरुजींपुढे पाऊण तास बोलले मी. कुणी मधे तोडलं नाही, कुणी अक्कल शिकवली नाही. तुम्ही म्हणता तसा माल माझाच होता, मान्य. पण तो उतरवायला जागा मिळाली. तुमच्या सांगण्याप्रमाणे गप्प बसले असते तर गुरुजी खोटे पडले असते आणि मी जशीच्या तशी परत आले असते.

(तुमचे दादा म्हणजे मी. या वाक्यावर मला काही म्हणायचं नाही.)

भाऊजी : मग मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

वहिनी : मुलीचं लग्न मोडलं म्हणून आई मानसोपचारतज्ज्ञाकडे गेली, हे आपल्या नात्यात ऐकवून बघा. काय झालंय वहिनींना, असा फोन पहिला तुमच्याच घरून येईल. पत्रिका काखेत मारून कुठेही जाता येतं. कारण सांगावं लागत नाही.

मला वाटतं, भांडणाचं मूळ इथे आहे. भाऊजींच्या मते पुरेपूर फायदा म्हणजे परीक्षा : काही न सांगता काय कळतं ते बघणं. बायकोच्या मते पुरेपूर फायदा म्हणजे बोलणं. ज्या मोकळेपणाने भाकिताची किंमत शून्य होते, त्याच मोकळेपणाने माणूस हलका होऊन घरी येतो. दोन्ही एकाच भेटीत साधत नाहीत. आपण कशासाठी चाललोय हे पायऱ्या चढण्याआधी ठरवायला हवं, आणि नेमकं तेच कुणी ठरवत नाही.

वहिनी : आणि तुमची परीक्षा घेऊन झालीच आहे ना कुणीतरी? तुम्ही दर गणपतीत सांगता.

भाऊजी : सांगणारच. 2008 साली पुण्यात. जयंत नारळीकर, विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर, आणि प्रकाश घाटपांडे, ज्यांनी स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केला होता. दोनशे मुलांच्या पत्रिका : शंभर हुशार म्हणून शाळेने निवडलेल्यांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या विशेष शाळांतल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस. कोणती हुशार, कोणती मतिमंद, एवढंच सांगायचं. महाराष्ट्रातल्या 51 ज्योतिष्यांनी पत्रिका मागवून घेतल्या, त्यांतल्या 27 जणांची उत्तरं आली. सरासरी बरोबर निघाली 46 टक्के. नाणं उडवून पन्नास येतात! एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका सोडवल्या, तिची 51 टक्के. दुसऱ्या वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं सगळं.

वहिनी : त्यात मला एक नेहमी खटकतं. मूल मतिमंद आहे का हे विचारायला पत्रिका घेऊन कुठली आई जाते? तिला ते दिसत असतं. ती विचारते, माझ्यामागे याचं कसं होईल. तुमच्या परीक्षेत हा प्रश्नच नाही.

भाऊजी : त्याचं उत्तर कसं तपासणार?

वहिनी : तपासायला कोण गेलंय?

भाऊजी : पण वहिनी, बुद्धी पत्रिकेत दिसते हा दावा त्यांचाच आहे ना? पंचम स्थान, बुध, गुरू, सगळं पुस्तकात लिहिलेलं आहे. दावा मोठा आणि तपासायला गेलं की ‘आम्ही फक्त दिशा दाखवतो’, हे कसं चालेल? बरं, पत्रिका सोडा. अमेरिकेत बर्ट्रम फोरर म्हणून मानसशास्त्राचे शिक्षक होते. 1948 साली त्यांनी 39 विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. पाचपैकी किती जुळतं ते लिहा म्हणाले. सरासरी आली 4.26. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं रस्त्यावरच्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली.

वहिनी : म्हणजे सगळे हट्टी पण आतून हळवे.

भाऊजी : एकूण एक. तुमची धाकटी, मी, दादा. दादा तर फारच.

वहिनी : तुमच्या विम्यात काय वेगळं करायचात? तुम्हीही माणूस कधी मरणार तेच बघायचात.

भाऊजी : नाही, आणि फरक तिथेच आहे. चाळिशीतली एक लाख माणसं घेतली तर वर्षभरात त्यांतली किती जातील हे आमचं कोष्टक बऱ्यापैकी सांगतं. कोण जाईल हे सांगत नाही. तुमचे गुरुजी बरोबर उलटं करतात, लाखांचं विचारलं तर गप्प आणि एकट्याचं मात्र ठाम. हा हिशेब घालून देणाऱ्यांत कोण होता माहीत आहे? एडमंड हॅले. तोच, धूमकेतूवाला. 1693 साली त्याने ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुष्यमानाचं कोष्टक मांडलं. आणि धूमकेतू 1758 मध्ये परत येईल म्हणाला तो त्याच वर्षी दिसला. हॅले तोवर जाऊन सोळा वर्षं झाली होती.

वहिनी : घ्या! म्हणजे तुमचा मूळपुरुषसुद्धा आकाशाकडेच बघत बसायचा.

भाऊजी : बघायचा, पण आकाश वेगळ्या वहीत आणि माणसं वेगळ्या वहीत!

यानंतर ती पत्रिका घेऊन आली. धाकटीची पत्रिका आमच्या वडिलांनी एका जाड कागदावर करून घेतली होती. चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं, आता तपकिरी पडलेली. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली, आणि जन्मवेळेच्या जागी निळ्या शाईत पहाटे 4 वाजून 10 मिनिटं. ‘10’ वर खाडाखोड आहे. खाली आधी काय होतं ते वाचता येत नाही.

भाऊजी : ही वेळ कुणी लिहिली?

वहिनी : मामंजींनी. त्यांना नर्सने सांगितली.

भाऊजी : नर्सने कुठल्या घड्याळात बघून? डोकं बाहेर आलं तेव्हाची, पहिलं रडली तेव्हाची, की सगळं आवरून ती बाहेर आली तेव्हाची? लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, तिथे पाचदहा मिनिटं चालून जातील. पण नवमांश बारातेरा मिनिटांत बदलतो. कृष्णमूर्ती पद्धतीवाले तर त्याहून बारीक कातरतात. खाडाखोडीच्या पत्रिकेवर नवमांश बघून जावई कसा असेल ते सांगायचं म्हणजे कमाल आहे.

वहिनी : म्हणून आमचे गुरुजी आधी विचारतात, वेळ खात्रीची आहे का. नसेल तर प्रश्नकुंडली मांडतात, नाहीतर 1 ते 249 मधला एक आकडा सांगायला लावतात. वेळ विचारल्याशिवाय जो बोलायला लागतो त्याच्याकडे मी परत जात नाही. हे माझ्या आईने शिकवलेलं.

भाऊजी : आकडा सांगायचा हे त्याहून शास्त्रीय आहे असं म्हणताय?

वहिनी : मी काहीच म्हणत नाही. विचारणारा माणूस काळजीचा आहे की घाईचा, ते कळतं एवढंच म्हणतेय.

भाऊजी : बरं, आता या एकनाडीचं बघू. गणित तुमचा विषय, तुम्हीच करा. नाडी कशावरून?

वहिनी : जन्मनक्षत्रावरून. सत्तावीस नक्षत्रं, आद्य, मध्य, अंत्य अशा तीन नाड्या, एकेकीत नऊ.

भाऊजी : मग कुठलीही दोन माणसं उचलली तर एकनाड निघायची शक्यता?

वहिनी : तीनात एक.

भाऊजी : छत्तीस गुणांतले आठ गुण एकट्या नाडीचे, सगळ्यांत जास्त. एकनाड निघाली की आठही गेले. म्हणजे या देशात पत्रिका न बघता झालेल्या लग्नांतली जवळपास एक तृतीयांश एकनाडीची. आता मंगळ. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं. बारांतली पाच स्थानं. शंभरात चाळीसेक माणसांना मंगळ. साडेसाती बारांपैकी तीन राशींना, म्हणजे कुठल्याही दिवशी रस्त्यावरचा दर चौथा माणूस साडेसातीत. आता सांगा, मुलीला मंगळ नाही, एकनाड नाही, दोघांपैकी कुणाला साडेसाती नाही, असं स्थळ मिळणार किती जणांना? शास्त्र असं बांधलंय की काहीतरी निघतंच.

वहिनी : आणि काहीतरी निघालं की परिहारही निघतो. हे तुम्ही सोयीने विसरता. रास एक आणि नक्षत्रं वेगळी असतील तर एकनाडीचा दोष नाही. नक्षत्र एक पण चरण वेगळे असले तरी नाही. मंगळाचे अपवाद तर पानभर. भाऊजी, शाळेत मी नियम शिकवताना पोरांना सांगायची, अपवाद कुणी आणि का घातले ते बघा. ज्यांनी घातले त्यांना लग्नं मोडायची नव्हती, जमवायची होती.

भाऊजी : मग आधी नियम कशाला घातला?

वहिनी : नको असलेल्या स्थळाला नाही कसं म्हणायचं? ‘तुमचा मुलगा आम्हाला आवडला नाही’ असं तोंडावर सांगता येतं का? ‘पत्रिका जुळत नाही’ म्हटलं की दोन्हीकडची अब्रू राहते. आमच्या आळीतल्या निम्म्या पत्रिका जुळल्या नाहीत त्या याच कारणाने.

भाऊजींनी यावर दाद दिली, आणि मीही. अर्थात हेच हत्यार मुलींवर उलटतं तेव्हा काय होतं हे तिघांनाही माहीत होतं. ‘मंगळाची’ हा शिक्का बसला की चांगली शिकलीसवरलेली मुलगी वर्षानुवर्षं बायोडेटाच्या गठ्ठ्यात तळाशी जाते. मुलगा मंगळाचा असला तर परिहार मात्र पटकन सापडतो.

वहिनी : माझ्या माहेरी देवाला कौल लावतात, ते तुम्ही बघितलंय.

भाऊजी : हो. देवाच्या अंगावर कळ्या चिकटवायच्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पाण्याने चिकटवलेली कळी वाळली की पडणारच.

वहिनी : पडते कशी त्याच्यात मी जात नाही. त्याआधी काय होतं ते बघा. गुरवाने गाऱ्हाणं घालायचं तर प्रश्न एकच हवा, आणि हो किंवा नाही असं उत्तर येईल असा. मग तो प्रश्न ठरवायला भावकीतली चार घरं एकत्र बसतात. विहीर सामाईक ठेवायची का? की वाटा पाडायचा का? कुणाच्या नावाने विचारायचं? दोन दोन दिवस जातात त्यात. भांडण निम्मं तिथेच मिटतं, कळी पडायच्या आधी.

भाऊजी : मग नाणं उडवा की. तेवढंच.

वहिनी : नाण्याचं भावकी ऐकत नाही.

भाऊजी : (हसून) हे मान्य. पण मग गुरुवारच्या भेटीला तोच नियम लावा. एक प्रश्न. तुमची यादी मी बघितली आहे, फ्रिजवर लावलीय. स्थळ, धाकटीची नोकरी, थोरल्याचं घराचं कर्ज, दादांची साखर, तुमचा गुडघा. त्यातली साखर आणि गुडघा आत्ता काढा. तब्येतीचं ज्योतिष्याला विचारायचंच नाही. चांगलं सांगितलं तर तपासण्या पुढे ढकलता, वाईट सांगितलं तर झोप जाते.

वहिनी : ते काढते. मृत्यूचं आणि कोर्टाचं मी आधीही विचारत नव्हते. आणि खरा गुरुजी मृत्यूचं सांगतही नाही, विचारलं तरी.

भाऊजी : उपाय सांगितला तर?

वहिनी : त्याचा माझा नियम पक्का आहे. दक्षिणा फोनवर आधी विचारायची. तिथे बसल्या बसल्या दुसरं काही घ्यायचं नाही, अंगठी नाही, यंत्र नाही. दान, वाचन, अथर्वशीर्ष, असला घरात होणारा उपाय असेल तर करते. पुष्कराज, नीलम निघाला की मी उठते. आणि खडा सांगणाऱ्याचंच खड्यांचं दुकान असेल तर चपलासुद्धा न शोधता उठते.

भाऊजी : आणि त्र्यंबकेश्वर? नारायण नागबळी तीन दिवसांचा, कालसर्पशांती वेगळी. थोरल्याच्या वेळी सांगितली होती ना कुणीतरी? सगळे ग्रह राहूकेतूच्या मधे आले की कालसर्प. तो जुन्या प्रमाणग्रंथांत नाहीच, असं ज्योतिषीच एकमेकांना ऐकवतात.

वहिनी : त्या माणसाने आधी भीती घातली आणि लगेच तारखा सांगितल्या. भीती आणि तारीख एका दमात आली की समजायचं.

भाऊजी : त्याच्यावर तक्रार करायला हवी होती. जादूटोणाविरोधी कायदा आहे 2013 चा. दाभोलकरांचा त्या ऑगस्टमध्ये खून झाला, चार दिवसांत अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे.

वहिनी : तो ज्योतिषाला लागत नाही. मी वाचलाय. जोशी, ज्योतिषी, नंदीबैलवाले यांच्या सल्ल्याला त्यात वगळलंय.

भाऊजी : सल्ल्याला वगळलंय. अंगात अतींद्रिय शक्ती आहे असं भासवून फसवलं, भीती घातली, किंवा साप चावलेल्याला दवाखान्यात न नेता मंत्र घालत बसवलं, तर लागतो. पत्रिका बघून बोलणं वेगळं आणि ‘माझ्या अंगात शक्ती आहे, पैसे टाक नाहीतर मुलाला धोका’ वेगळं. हा फरक जाणाऱ्याला माहीत हवा, एवढं बोलून मी गप्प बसतो.

तो गप्प बसला नाही, हे सांगायला नकोच. पुढे बराच वेळ तो नाडीपट्ट्यांबद्दल बोलला : तमिळनाडूतलं वैथीश्वरन कोइल, अंगठ्याचा ठसा, ताडपत्रांचा जुडगा, आणि एकेक पट्टी वाचताना विचारलेले होकारनकाराचे प्रश्न. वडिलांचं नाव चार अक्षरी आहे का? आई हयात आहे का? असे पुरेसे हो आणि नाही गोळा झाले की ‘तुमची’ पट्टी सापडते आणि वडिलांचं नाव तिच्यात खणखणीत वाचून दाखवतात. बायकोने ते शांतपणे ऐकलं, कारण तिचाही नाडीवर विश्वास नाही. प्रत्येकाची अंधश्रद्धा दुसऱ्याच्या अंधश्रद्धेपेक्षा थोडी अलीकडे थांबते, असं माझं निरीक्षण आहे. भाऊजी नवी गाडी घेताना आकड्यांची बेरीज करतो. ते मी त्या दिवशी काढलं नाही.

भाऊजी : आता मुख्य. तो एक प्रश्न कुठला? ‘लग्न कधी होईल’ नको. त्याचं उत्तर नेहमी येत्या दिवाळीनंतर असतं.

वहिनी : ‘हे स्थळ करावं का?’

भाऊजी : करणार कोण? धाकटी. तिने तर ठरवलंय. तिच्या आयुष्याचा प्रश्न तिच्या मागे तुम्ही विचारताय. तिला माहीत तरी आहे का गुरुवारचं?

वहिनी : नाही. सांगितलं तर ती म्हणेल, आई, जा पण मला काही सांगू नकोस. भाऊजी, मला मुलाबद्दल शंका नाही. मुलगा चांगला आहे. शंका मला माझ्याबद्दल आहे. नाशिकच्या वेळीही मी म्हटलं होतं, मुलगा चांगला आहे.

भाऊजी : मग हेच विचारा ना. गुरुजी, मागच्या वेळी माझं चुकलं, आता स्वतःवर भरवसा कसा ठेवू?

वहिनी : हे पत्रिकेत कुठल्या घरात बघायचं?

भाऊजी : कुठल्याच नाही. म्हणून तर ते पत्रिका बाजूला ठेवून बोलतील, आणि चाळीस वर्षं माणसं बघितलेला माणूस काय बोलतो ते तुम्हाला ऐकायला मिळेल. त्याचे पैसे द्या, माझी हरकत नाही. रेकॉर्ड करा, आणि घरी आल्यावर आधी तुमचे स्वतःचे शब्द त्यातून वेगळे काढा. उरेल ते गुरुजींचं.

वहिनी : आणि एकनाड?

भाऊजी : परिहार आहे का ते विचारा. तुम्हाला तो हवाच आहे. मिळेल.

वहिनी : नाही मिळाला तर? ‘नाही, करू नका’ म्हणाले तर?

भाऊजी : तर काय कराल? खरं सांगा.

वहिनी : ठाण्याला एक आहेत. आमच्या नमाताईंच्या मुलीच्या वेळी त्यांनी परिहार काढून दिला होता.

भाऊजी : आणि ते हो म्हणाले की थांबणार?

वहिनी : थांबणार.

भाऊजी : मग गुरुवारी इथे कशाला जाताय? सरळ ठाण्याला जा.

वहिनी : असं कसं? आधी इथले नाही म्हणायला नकोत का?